मोटारीतील बारा व्होल्ट आणि घरगुती व्हिडिओ-खेळयंत्र : महाड-पोलादपूर मार्गाच्या निमित्ताने

मुंबईहून दक्षिण कोकणाकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग माणगाव मागे टाकून महाडच्या परिसरात शिरला, की त्याची आणि सावित्री नदीची संगत जुळते. पोलादपूर येथे या मार्गास दोन वाटा फुटतात. एक आंबेनळी घाटाने महाबळेश्वराकडे चढते, दुसरी कशेडीवरून खेडकडे जाते. गणेशचतुर्थीच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत चाकरमान्यांच्या मोटारींची जी रीघ या रस्त्यावर लागते, तीत सापडलेल्या कुटुंबास कित्येकदा तासन् तास एकाच ठिकाणी बसून राहावे लागते, हा अनुभव कोकणी माणसास नवा नाही. बाहेर भाद्रपदातील सर कोसळत असते, मागच्या आसनावर मुले कंटाळलेली असतात, आणि गावच्या घरी लावण्यासाठी म्हणून सामानात व्हिडिओ-खेळाचे यंत्र बांधून घेतलेले असते. मग एक अगदी स्वाभाविक प्रश्न उपस्थित होतो : मोटारीत बॅटरी आहे, तर हे यंत्र येथेच का चालू नये?

प्रश्न बालसुलभ असला तरी क्षुल्लक नाही. त्याचे उत्तर देताना एकदिश व प्रत्यावर्ती प्रवाह, घटमालेची धारकता, तारेतील दाबपात, शक्तीचे रूपांतर आणि त्यात होणारा क्षय या पदव्युत्तर विद्यार्थ्यास पाठ असलेल्या, परंतु क्वचितच एकत्र वापराव्या लागणाऱ्या कल्पना एका सूत्रात गुंफाव्या लागतात. हे यंत्र मोटारीत चालविता येते, हे आरंभीच सांगून टाकणे बरे. विचार करावयाचा तो एवढाच, की ते किती वेळ चालेल, कोणत्या मार्गाने चालवावे, आणि त्याची किंमत कशात मोजावी. महाड-पोलादपूरच्या खोऱ्यात पावसाळ्याच्या दिवसांत ही किंमत केवळ रुपयांत मोजून भागत नाही, हे लेखाच्या अखेरीस दिसून येईल.

१. खेळयंत्राची विद्युत्-भूक

घरगुती व्हिडिओ-खेळयंत्रांचा इतिहास पाहता एक गमतीची गोष्ट आढळते. या जातीचे पहिले यंत्र ‘मॅग्नाव्हॉक्स ओडिसी’ हे १९७२ साली अमेरिकेत विक्रीस आले. राल्फ बेअर यांच्या संशोधनातून निघालेले हे यंत्र मध्यम आकाराच्या सहा कोरड्या घटांवर, म्हणजे ९ व्होल्टांवर चालत असे. भिंतीतील विजेची त्यास गरजच नव्हती. तशी सोय हवी असल्यास जोडउपकरण वेगळे घ्यावे लागे. १९७७ चे ‘अटारी २६००’ ९ व्होल्टांवर चाले व १९८३ मध्ये जपानात आलेले ‘फॅमिकॉम’ १० व्होल्टांवर. या दोन्ही यंत्रांचा पुरवठा एक ॲम्पियरपेक्षा कमी क्षमतेचा होता. आपल्याकडे १९९० नंतरच्या दशकात घरोघरी आलेले कॅसेटवरचे ‘व्हिडिओ गेम’ याच कुळातील होत. दहा वॉटच्या आत भागणाऱ्या या यंत्रांना मोटारीची बॅटरी म्हणजे समुद्रच म्हणावयास हवा.

पुढे चित्रांची गुंतागुंत वाढली तशी ही भूकही वाढत गेली. २००१ च्या ‘गेमक्यूब’चा बाह्य पुरवठा १२ व्होल्ट व ३.२५ ॲम्पियर, म्हणजे ३९ वॉटचा होता. ‘प्लेस्टेशन-२’ची २००४ मधील सडपातळ आवृत्ती ८.५ व्होल्ट व ५.६५ ॲम्पियर, म्हणजे सुमारे ४८ वॉटच्या पुरवठ्यावर चाले. २००६ मध्ये आलेल्या ‘प्लेस्टेशन-३’च्या आरंभीच्या आवृत्त्या खेळ चालू असताना दोनशे वॉटच्या घरात शक्ती घेत, आणि २०२० च्या ‘प्लेस्टेशन-५’चा आकडाही अवघड खेळात तेवढाच येतो. याउलट २०१७ च्या ‘स्विच’ या यंत्राचा पुरवठा १५ व्होल्ट व २.६ ॲम्पियर, म्हणजे ३९ वॉटपुरता मर्यादित आहे. हातात धरून खेळताना तर त्यास याहूनही पुष्कळ कमी शक्ती पुरते.

तेव्हा ‘खेळयंत्र’ हा एकच शब्द वापरला तरी त्यात वीसपट अंतर असलेली उपकरणे सामावलेली आहेत. यंत्राच्या वा त्याच्या पुरवठ्याच्या पाठीवर छापलेला आकडा वाचणे ही म्हणूनच पहिली पायरी होय. मात्र तो आकडा कमाल क्षमतेचा असतो. प्रत्यक्ष मागणी बहुधा त्याहून कमी असते. शिवाय खेळयंत्रास पडदा लागतो. मध्यम आकाराच्या दूरचित्रवाणी-संचास तीस ते चाळीस वॉट लागतात, हे हिशेबात धरावयास विसरू नये.

२. मोटारीत साठा किती?

मोटारीच्या शिसे-आम्ल बॅटरीत सहा घट एकसरी जोडलेले असतात. प्रत्येक घट पूर्ण भारित असताना सुमारे २.१ व्होल्ट दाब देतो. म्हणून विश्रांत अवस्थेत बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. निम्मा साठा संपला की तो १२.२ च्या आसपास येतो, आणि ११.८ व्होल्टांपाशी साठा जवळजवळ संपलेला असतो. इंजिन चालू असून जनित्र भार पुरवीत असेल, तेव्हा हाच दाब १३.८ ते १४.४ व्होल्टांपर्यंत चढतो. ‘बारा व्होल्ट’ हे केवळ सोयीचे नाव आहे, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरेल.

लहान मोटारीतील बॅटरीची धारकता साधारणपणे ३५ ते ४५ ॲम्पियर-तास असते. यांतील मोठा आकडा घेतला तरी १२ × ४५ = ५४० वॉट-तास, म्हणजे घरच्या वीजबिलाच्या भाषेत अर्ध्या युनिटाहून किंचित् अधिक ऊर्जा होते. जी बॅटरी दोन हातांनी उचलताना कंबर धरते, तिच्यात अवघा अर्धा युनिट साठविलेला असतो, हे प्रथम ऐकणाऱ्यास खरे वाटत नाही.

हा अर्धा युनिटही पूर्ण वापरता येत नाही, आणि त्यास दोन कारणे आहेत. मोटारीची बॅटरी इंजिनास पहिली चालना देण्यासाठी घडविलेली असते. तिच्या पट्ट्या पातळ व पुष्कळ असतात, जेणेकरून क्षणभर शंभर-दोनशे ॲम्पियर प्रवाह देता यावा. अशा पट्ट्या वरचेवर खोलवर रित्या केल्यास लवकर झिजतात; म्हणून निम्म्याच्या खाली जाऊ नये, असा संकेत आहे. दुसरे कारण जर्मन शास्त्रज्ञ व्हिल्हेल्म प्यूकर्ट यांनी १८९७ मध्ये दाखवून दिले. प्रवाह जितका अधिक ओढावा, तितकी शिसे-आम्ल घटाची उपयोगी धारकता घटत जाते. बॅटरीवरील ४५ ॲम्पियर-तासांचा आकडा वीस तासांत सावकाश रिती करण्याच्या, म्हणजे २.२५ ॲम्पियरच्या प्रवाहास लागू असतो. दहापट प्रवाहास तो लागू पडत नाही.

३. बारा व्होल्टांचे दोनशे तीस कसे होतात?

आपल्या घरातील वीज २३० व्होल्टांची व सेकंदास ५० आवर्तनांची असते. मोटारीतील वीज एकदिश असते. या दोहोंमधील दुवा म्हणजे इन्व्हर्टर. ही समस्या तशी जुनीच आहे. १९३० नंतरच्या दशकात मोटारींत बसविलेल्या व्हॉल्व्हच्या रेडिओस दोनशे व्होल्टांच्या आसपास दाब लागे व बॅटरी तर सहा व्होल्टांची असे. त्या काळी एक कंप पावणारी पोलादी पट्टी प्रवाह सेकंदास शंभराहून अधिक वेळा तोडून-जोडून त्याचे स्पंदन करी. मग रोहित्र तो दाब वाढवी. रेडिओच्या पेटीतून ऐकू येणारी ती बारीक गुणगुण अनेक वृद्धांच्या स्मरणात असेल. आजच्या इन्व्हर्टरात पट्टीची जागा ट्रान्झिस्टरांनी घेतली आहे, तत्त्व तेच आहे.

लहान इन्व्हर्टरात हे कार्य दोन टप्प्यांत होते. प्रथम बारा व्होल्टांचा प्रवाह सेकंदास हजारो वेळा उलटसुलट करून लहानशा रोहित्रातून जातो व पुन्हा एकदिश केला जातो. त्यातून तीनशे व्होल्टांच्या वरचा एकदिश दाब मिळतो. नंतर चार ट्रान्झिस्टरांची जोडणी त्याची दिशा आलटूनपालटून फिरवून सेकंदास पन्नास आवर्तनांचा प्रत्यावर्ती प्रवाह निर्माण करते. स्वस्त इन्व्हर्टरात ही लहर पायऱ्यांची असते : वर, शून्य, खाली, पुन्हा शून्य. महाग इन्व्हर्टरात ती घरच्या विजेप्रमाणे ज्या-वक्राकार असते. घरगुती लहरीचे शिखर २३० × √२, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्टांवर असते. पायऱ्यांची लहर आवर्तनाचा बरोबर अर्धा काळ चालू व अर्धा काळ शून्य असेल, तर तिचेही शिखर तेवढेच येते. परंतु बॅटरी उतरू लागली की स्वस्त इन्व्हर्टरात हे शिखर खाली येते. खेळयंत्रांच्या अंतर्गत पुरवठ्यांपैकी काही पुरवठे ही पायऱ्यांची लहर मुकाट्याने स्वीकारतात, काही गुरगुरतात व तापतात. दोनशे वॉटच्या महाग यंत्रास शुद्ध लहरीचाच इन्व्हर्टर जोडणे शहाणपणाचे.

आता यातील विसंगती पाहा. बारा व्होल्ट एकदिश दाबाचे इन्व्हर्टरने दोनशे तीस प्रत्यावर्ती केले. खेळयंत्राने ते आत घेताच प्रथम पुन्हा एकदिश केले, मग त्यांचे तुकडे पाडले, आणि अखेरीस आपल्या मंडळांस दिले ते बहुधा बाराच व्होल्ट! ‘प्लेस्टेशन-३’पासूनच्या यंत्रांच्या पुरवठ्याचे मुख्य उत्पादन १२ व्होल्टच आहे. नदी ओलांडून पुन्हा त्याच तीरास यावे, तसा हा प्रकार झाला. इन्व्हर्टरची कार्यक्षमता शेकडा ८७ व अंतर्गत पुरवठ्याची शेकडा ८५ धरली, तर दोहोंचा गुणाकार शेकडा ७४ येतो. बॅटरीतून निघालेल्या ऊर्जेचा चौथा हिस्सा वाटेतच उष्णतेच्या रूपाने सांडतो.

मग इन्व्हर्टर वगळून बारा व्होल्ट थेट का देऊ नयेत? ‘गेमक्यूब’सारख्या बाह्य पुरवठ्याच्या यंत्रांबाबत हा विचार प्रशस्त आहे, पण तार सरळ बॅटरीस जोडणे मात्र धोक्याचे. मोटारीतील दाब इंजिन सुरू होताना सहा-सात व्होल्टांपर्यंत कोसळतो, चालू असताना १४.४ पर्यंत चढतो, आणि जनित्र भार पुरवीत असता बॅटरीची तार निसटली तर निमिषार्धात कित्येक पटींनी उसळतो. म्हणून मध्ये दाब स्थिर राखणारा एकदिश-परिवर्तक हवाच. ‘स्विच’सारख्या यंत्रांना यूएसबी-सी पद्धतीचा मोटारीतील चार्जर हेच काम करतो. हा मार्ग साधा, स्वस्त व शेकडा नव्वदच्या आसपास कार्यक्षम आहे. अंतर्गत पुरवठ्याच्या यंत्राची पेटी उघडून त्यास थेट १२ व्होल्ट देण्याचे प्रयोग हौशी लोक करतात. परंतु त्या पेटीतील धारित्रे वीज तोडल्यावरही काही काळ तीनशे व्होल्टांवर भारित राहू शकतात, हे ध्यानात घेता त्या वाटेस न जाणेच इष्ट.

४. तार, फ्यूज आणि खोबण

सिगारेट-लायटरची जी खोबण मोटारीच्या पुढच्या फळीत असते, तिच्या वाटेवर बहुधा १० ते १५ ॲम्पियरचा फ्यूज असतो. म्हणजे या खोबणीतून १२० ते १८० वॉटपेक्षा अधिक शक्ती काढता येत नाही. ४० वॉटच्या यंत्रास ती पुरेशी आहे. दोनशे वॉटच्या यंत्रास नाही. फ्यूज वारंवार उडू लागला की त्याच्या जागी जाड फ्यूज, किंवा सरळ तांब्याची तार घालण्याची जी रीत रस्त्याकडेच्या दुरुस्तीत कधीकधी दिसते, ती घातक आहे. फ्यूज यंत्रासाठी नसून तारेसाठी असतो. बॅटरीचा अंतर्गत रोध एका ओहमच्या शंभराव्या भागाइतका अल्प असतो. दोन टोके एकमेकांस भिडल्यास हजाराहून अधिक ॲम्पियर प्रवाह वाहू शकतो व बारीक तार तांबडी होऊन आसनाखालच्या गालिच्यास आग लागते. बॅटरीपासून स्वतंत्र तार ओढावयाची असल्यास फ्यूज बॅटरीच्या धन टोकाजवळच, वीतभर अंतरात हवा. तो इन्व्हर्टरजवळ बसविल्यास मधली सारी तार अरक्षित राहते.

तारेच्या जाडीचा हिशेबही करून पाहण्यासारखा आहे. यंत्र २०० वॉट व पडदा ४० वॉट, मिळून २४० वॉट. इन्व्हर्टरची कार्यक्षमता शेकडा ८५ धरल्यास बॅटरीकडून २८२ वॉट, म्हणजे २३.५ ॲम्पियर प्रवाह घ्यावा लागेल. इन्व्हर्टर मागच्या डिकीत ठेवला आणि जातायेताची मिळून आठ मीटर लांबीची, अडीच चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार वापरली, तर तिचा रोध ०.०५४ ओहम येतो. दाबपात १.२८ व्होल्ट आणि तारेतच नष्ट होणारी शक्ती तीस वॉट! बारातून सव्वा व्होल्ट गेल्यावर इन्व्हर्टर ‘बॅटरी उतरली’ असे समजून शिटी वाजवू लागतो. दहा चौरस मिलिमीटरची तार घेतल्यास दाबपात ०.३२ व्होल्टांवर येतो. आणि इन्व्हर्टर बॅटरीच्या शक्य तितका जवळ ठेवून तीच अडीच मिलिमीटरची तार २३० व्होल्टांच्या बाजूस वापरली, तर प्रवाह अवघा एक ॲम्पियरच्या आसपास राहतो व तारेतील क्षय सुमारे पाचशेपट कमी होतो. सह्याद्रीतील जलविद्युत्-केंद्रांपासून मुंबईपर्यंत वीज उच्च दाबाने का नेतात, याचे उत्तर असे एका मोटारीच्या लांबीत सापडते.

मात्र एक सावधगिरी हवी. इन्व्हर्टरमधून बाहेर पडणारे २३० व्होल्ट घरच्या विजेइतकेच प्राणघातक असतात, आणि घरात असते तशी गळती ओळखून वीज तोडणारी यंत्रणा मोटारीत नसते. ओल्या छत्र्या, चिखलाचे पाय व लहान मुले यांच्या सहवासात त्या तारा उघड्या पडता कामा नयेत.

५. इंजिन बंद आणि इंजिन चालू

आता मूळ प्रश्नाकडे वळू. माणगाव ते पोलादपूर यांदरम्यान कोठेतरी रांग थबकली आहे, इंजिन बंद आहे, बॅटरी नवी व पूर्ण भारित आहे, असे समजू. प्यूकर्ट यांच्या नियमातील घातांक १.२ धरून २३.५ ॲम्पियरच्या प्रवाहाचा हिशेब केल्यास ४५ ॲम्पियर-तासांची बॅटरी पूर्ण रिती होण्यास सुमारे ७२ मिनिटे लागतात. केवळ भागाकार केला असता तर ११५ मिनिटे आली असती. दोहोंतील अंतर हीच प्यूकर्ट यांची देणगी. निम्म्यावर थांबावयाचे म्हटल्यास हाती उरतात ३६ मिनिटे. तीन वर्षांच्या जुन्या बॅटरीस हा आकडाही गाठता येणार नाही. थांबलेल्या गाडीचे चारही दर्शक-दिवे लुकलुकत ठेवले, तर सरासरी तीन-साडेतीन ॲम्पियर आणखी जातात.

याउलट ४५ वॉटचे जुने खेळयंत्र व १५ वॉटचा लहान पडदा एकदिश-परिवर्तकावर चालविल्यास प्रवाह ५.६ ॲम्पियर होतो, आणि त्याच नियमाने निम्म्या साठ्यात तीन तासांहून अधिक वेळ खेळता येते. प्रवाह चौथ्या हिश्शाहून किंचित् कमी झाला, वेळ मात्र साडेपाचपट वाढला, हे लक्षात घ्यावे.

येथे एका प्रचलित गैरसमजाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. ‘दाब फार उतरला की इन्व्हर्टर आपोआप बंद होतो, तेव्हा भीती नाही,’ असे पुष्कळ लोक मानतात. बहुतेक लहान इन्व्हर्टर १० ते १०.५ व्होल्टांवर बंद होतात. दर घटास हे पावणेदोन व्होल्ट किंवा त्याहूनही कमी झाले, आणि शिसे-आम्ल घटाच्या दृष्टीने तेथे साठा संपलेला असतो. इंजिन सुरू करण्याची ताकद त्याच्या कितीतरी आधी गेलेली असते. इन्व्हर्टरची ही सोय त्याच्या स्वतःच्या व घटांच्या रक्षणासाठी आहे. आपण घाटात अडकू नये याची काळजी तो घेत नाही.

इंजिन चालू ठेवले तर? जनित्राची पूर्ण क्षमता इंजिन वेगात असतानाच मिळते. जागच्या जागी मंद फिरणाऱ्या इंजिनावर लहान मोटारीचे जनित्र जेमतेम तीस-चाळीस ॲम्पियर देते. पावसाळी रात्री पुढचे दिवे दहा, काच पुसणारे वायपर पाच, आतील पंखा दहा-पंधरा, इंजिनाची स्वतःची गरज पाच-आठ, अशी बेरीज करता तीस ॲम्पियर सहज संपतात. त्यात खेळयंत्राचे २३.५ मिळविल्यास जमेपेक्षा खर्च वाढतो, आणि इंजिन चालू असतानाही बॅटरी हळूहळू रिती होत राहते! शिवाय मंद इंजिनास तासाला पाऊण लिटरच्या आसपास पेट्रोल लागते. एका लिटरात नऊ युनिटांहून अधिक ऊर्जा असते. म्हणजे पाव युनिटाच्या खेळासाठी साडेसहा-सात युनिट जाळावे लागतात. धावत्या गाडीत मात्र तेवढीच वीज मिळविण्यास सुमारे पाव लिटर अधिक पेट्रोल पुरते. तात्पर्य, मोठे यंत्र चालवावयाचेच असेल तर ते गाडी धावत असताना चालवावे. थांबलेल्या गाडीत नव्हे.

ज्या विद्युत्-मोटारींत बाहेरील उपकरणास वीज देण्याची सोय असते, त्यांची गोष्ट वेगळी. तीस युनिट साठा असलेल्या अशा मोटारीत वरील २४० वॉट दहा तास घेतले, तरी अडीच युनिटच्या आसपासच खर्च होतो. या लेखातील सारी चिंता पेट्रोल-डिझेलच्या मोटारीपुरती आहे.

६. धूर, उष्णता आणि वळणे

थांबलेल्या गाडीत इंजिन चालू ठेवण्याचा सर्वांत मोठा धोका पेट्रोलच्या खर्चाचा नाही. इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड या वायूस रंग नसतो, वास नसतो, आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी संयोग पावण्याची त्याची प्रवृत्ती प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक असते. सरीमुळे काचा बंद आहेत, धुराड्याचे तोंड चिखलात वा साचल्या पाण्यात दबले आहे, किंवा गाडी बंदिस्त पडवीत उभी आहे, अशा स्थितीत हा वायू आत शिरू लागला, तर खेळात रमलेली मुले पेंगू लागल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही. डोके दुखणे, मळमळणे व झापड येणे ही त्याची लक्षणे प्रवासाच्या थकव्यासारखीच असतात; म्हणून तो अधिक भयंकर.

खेळयंत्राने घेतलेली सारी शक्ती अखेर उष्णतेच्या रूपाने गाडीतच राहते. दोनशे वॉट ही लहानशा शेगडीची ऊब होय. अशी यंत्रे ३५ अंश सेल्सियसपर्यंतच्या हवेत चालविण्यासाठी योजलेली असतात. वैशाखात महाडच्या उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत हा आकडा केव्हाच मागे पडतो. यंत्रात फिरती तबकडी असेल, तर खड्ड्यांच्या धक्क्याने तिच्यावर ओरखडे उमटतात. आणि इंजिन पुन्हा सुरू करताना दाब कोसळून यंत्र एकाएकी बंद पडल्यास साठविलेला खेळ बिघडू शकतो. म्हणून किल्ली फिरविण्यापूर्वी यंत्र रीतसर बंद करावे.

घाटातील वळणांचा प्रश्न विद्युत्-शास्त्राचा नसला तरी टाळता येत नाही. डोळे स्थिर पडद्यावर व कानातील तोलेंद्रिय वळणावर, अशी विसंगती झाली की मळमळ होते. अलीकडे कशेडी येथे बोगद्याचा मार्ग झाल्याने तेथील वळणे पुष्कळ अंशी टळतात. आंबेनळीत तशी सोय नाही. पडदा चालकाच्या दृष्टीस पडू नये, हे तर सांगावयासच नको. हा रस्ता पावसाळ्यात बेसावध राहण्याचा नव्हे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरील जुना पूल पुरात वाहून गेला व त्याच्यासोबत प्रवाशांनी भरलेल्या एस. टी. गाड्याही गेल्या, ते दुःख अजून ताजे आहे.

७. अर्ध्या युनिटाचे मोल

२२ जुलै २०२१ रोजी सावित्रीच्या पुराने महाड शहर पाण्याखाली गेले. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे प्राणास मुकली; पोलादपूर तालुक्यात साखर-सुतारवाडी व केवनाळे येथेही दरडींनी बळी घेतले. वीज गेली, दूरध्वनीचा संपर्क तुटला, रस्ते बंद झाले. त्याच्या आदल्याच वर्षी, ३ जून २०२० रोजी, निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यातील विजेचे खांब आडवे केले होते व कित्येक गावांनी दिवसामागून दिवस अंधारात काढले होते. अशा प्रसंगी उंच जागी सुरक्षित राहिलेली मोटार ही केवळ वाहन राहत नाही. पंचक्रोशीतील तोच एक विद्युत्-साठा असू शकतो.

तेव्हा पूर्वीचाच हिशेब दुसऱ्या बाजूने मांडू. भ्रमणध्वनी एकदा पूर्ण भारित करण्यास, वाटेतील क्षय धरून, सुमारे २५ वॉट-तास लागतात. बॅटरीचा निम्मा साठा २७० वॉट-तासांचा आहे, आणि प्रवाह अल्प असल्याने प्यूकर्ट यांचा दंडही येथे भरावा लागत नाही. म्हणजे जेवढ्या साठ्यात मोठे खेळयंत्र ३६ मिनिटे चालते, तेवढ्यात दहा भ्रमणध्वनी पूर्ण भरून निघतात आणि इंजिन सुरू करण्याची ताकदही शिल्लक राहते. दहा घरांचा ‘आम्ही सुखरूप आहोत’ हा निरोप, किंवा मदतीची हाक, त्या अर्ध्या तासाच्या खेळात सामावलेली आहे.

याचा अर्थ मुलांनी खेळू नये असा नाही. रांगेत अडकलेल्या गाडीतील कंटाळा हीही खरी पीडा आहे, आणि तिच्यावर उपाय शोधण्यात काही गैर नाही. परंतु उपाय साठ्याच्या मापाचा असावा. चाळीस-पन्नास वॉटचे यंत्र निवडावे; शक्य तेथे इन्व्हर्टर टाळून दाब स्थिर राखणारा परिवर्तक वापरावा; मोठे यंत्र गाडी धावत असतानाच चालवावे; विश्रांत दाब १२.२ व्होल्टांवर येताच थांबावे, आणि त्यासाठी खोबणीत बसणारा लहानसा व्होल्टमापक जवळ ठेवावा. हवामान-खात्याने अतिवृष्टीचा इशारा दिला असेल, त्या दिवशी मात्र खेळयंत्र पेटीतच राहू द्यावे.

विद्यार्थ्यास या उदाहरणातून आणखी एक गोष्ट घेता येईल. ऊर्जेची किंमत युनिटात सांगितली म्हणजे सर्व सांगून झाले असे आपण समजतो. महावितरणच्या बिलात अर्धा युनिट म्हणजे काही रुपयांची बाब. पोलादपूरच्या पुढे, पावसाच्या रात्री, इंजिनाच्या पहिल्या हिसक्यासाठी लागणारा त्याचाच एक अंश विकत मिळत नाही. साठा किती आहे याबरोबरच तो कोठे व केव्हा आहे, हे ज्याने हिशेबात धरले, त्यालाच बारा व्होल्टांचा अर्थ पुरता कळला असे म्हणता येईल.